रस्ता अपघातात जखमी झालात? भरपाईचा दावा पहिल्या दिवसापासून निवाड्यापर्यंत

अपघात झाला की घरच्यांचा जीव दोन गोष्टींत अडकतो: जखमी माणूस आणि पैशांची जुळवाजुळव. कागदांकडे बघायला कोणाला सवड नसते, आणि त्यात काही गैरही नाही. पण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात शेवटी मोजलं जातं ते कागदावर आलेलं नुकसान. दुखणं खरं असतं, बुडालेला रोजगारही खरा असतो, तरी त्याचा पुरावा समोर नसेल तर न्यायाधीशांना अंदाज बांधावा लागतो. आणि असा अंदाज सहसा जखमी माणसाच्या पदरात कमीच टाकतो.

हा लेख भारतात रस्त्यावर दुसऱ्याच्या गाडीमुळे जखमी झालेल्यांसाठी आहे. सगळ्याचा पाया मोटार वाहन कायदा, १९८८. त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि भरपाईची नवी कलमं १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्यामुळे शेजारच्या काकांनी पंधरा वर्षांपूर्वी दावा लढवला असेल, तर त्यांचा सल्ला प्रेमाने ऐका, पण मुदत आणि रकमांच्या बाबतीत त्यावर विसंबू नका.

पहिला दिवस

रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८, पोलिसांसाठी ११२. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. कायद्याच्या कलम १३४-अ मध्येच ते संरक्षण आहे. उपचारांच्या खर्चासाठी केंद्र सरकारची कॅशलेस योजना मे २०२५ पासून आहे: अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत, योजनेत असलेल्या रुग्णालयांत. ॲडमिशनच्या खिडकीवरच विचारा, नंतर विचारून उपयोग होत नाही.

कोणाला शक्य असेल तर गाड्या हलवण्याआधी फोटो काढून घ्या. नंबरप्लेट स्पष्ट, रस्त्याची रुंदी दिसेल असा एक, टायरच्या खुणांचा एक. मदतीला धावलेल्या एखाद्या माणसाचा फोन नंबर मिळाला तर उत्तमच.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे चांगले दावे अडकतात. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, काय झालं? घाबरलेला भाऊ सांगतो, "गाडीवरून पडला." केस पेपरवर तेवढंच उतरतं. पुढे दीड-दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तोच कागद उलटतपासणीत पुढे करतो: यात दुसऱ्या गाडीचा उल्लेख कुठे आहे? अर्जदार स्वतःच घसरून पडला, ट्रकचं नाव मागाहून घुसडलं! मग फिर्याद, पंचनामा, साक्षीदार सगळं असूनही त्या एका ओळीचा खुलासा करत बसावं लागतं. म्हणून नीट सांगा: कोणत्या गाडीने, कुठून धडक दिली. नंबर माहीत नसेल तर "अज्ञात वाहनाने धडक दिली" एवढं तरी लिहून घ्या. आणि लिहिलेलं एकदा वाचून बघा. चूक दिसली तर त्याच दिवशी दुरुस्त करून मागा.

पोलिसांकडचे कागद

फिर्याद लगेच देता आली नाही तर दावा संपला, असं नाही. माणूस ऑपरेशन टेबलवर असताना नातेवाईक आधी ठाण्यात का गेले नाहीत, हा प्रश्न न्यायालयांनाही पटत नाही. उशिराचं पटेल असं कारण असेल तर नुसत्या उशिरावर दावा फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. तरी विनाकारण दिवस घालवू नका.

२०२२ च्या नियमांनी तपास अधिकाऱ्यावर बरंच काम टाकलं आहे आणि बहुतेक जखमींना ते माहीतच नसतं. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. त्याच्या प्रती विमा कंपनीलाही जातात. मधल्या काळात पोलीस तुमच्याकडून एक नमुना भरून घेतात: उत्पन्न, अवलंबून असलेली माणसं, उपचार, खर्च. हा नमुना कंटाळून भरू नका, कारण सविस्तर अहवालालाच दाव्याचा अर्ज मानण्याची तरतूद आहे. वेळापत्रक नेहमी पाळलं जातंच असं नाही. म्हणून ठाण्यात जाऊन अहवाल पाठवला का हे विचारा, आणि तुमचा अर्ज तुम्ही स्वतंत्रपणे करायचा हे धरूनच चाला.

ठाण्यातून घ्यायचे कागद: फिर्यादीची प्रत, घटनास्थळ पंचनामा, समोरच्या गाडीचं आरसी, विमा पॉलिसी, चालकाचं लायसन्स आणि तपास संपल्यावर दोषारोपपत्र. गाडीचा नंबर हातात असेल तर विम्याची मुदत एमपरिवहन ॲपवरही बघता येते.

फौजदारी खटला वेगळा, भरपाईचा दावा वेगळा. चालकाला शिक्षा होईपर्यंत थांबायची गरज नाही. तो तिकडे सुटला तरी इकडे दावा मंजूर होऊ शकतो, कारण न्यायाधिकरणात "निःसंशय" सिद्ध करावं लागत नाही. कोणाची बाजू जास्त संभवनीय वाटते एवढंच पाहिलं जातं.

पैसे कोण देणार

अर्जात तुम्ही अर्जदार; गाडीचा मालक, चालक आणि विमा कंपनी हे सामनेवाले. थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा विमा, सक्तीचा असल्यामुळे प्रत्यक्ष पैसे सहसा कंपनी भरते. चालकाकडे लायसन्स नव्हतं अशा तक्रारी कंपनी हमखास करते. अशा वेळी बऱ्याचदा न्यायाधिकरण "आधी अर्जदाराला द्या, मग मालकाकडून वसूल करा" असा हुकूम करतं, तेव्हा कंपनीच्या लेखी कैफियतीने, म्हणजे अर्जाला दिलेल्या उत्तराने, घाबरून जाऊ नका.

खरी अडचण वेगळीकडे असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा मालाच्या टेम्पोत फुकटचे प्रवासी म्हणून बसलेली माणसं त्या गाडीच्या विम्यात सहसा येत नाहीत. लग्नाचं वऱ्हाड, यात्रेचे भाविक, बाजाराला निघालेले लोक, अपघात अशांचेच होतात, आणि कंपनी सुटते ती इथेच. मित्राच्या बाइकवर मागे बसला होतात आणि चूक मित्राची होती? मग त्याची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी आहे की सर्वसमावेशक, ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, हे बघा. सर्वसमावेशक असेल तर मागे बसलेला त्यात येतो. आणि चूक स्वतःचीच असेल, दुसरी गाडीच नसेल, तर तुम्ही तुमच्या विम्यासाठी थर्ड पार्टी नाही. तिथे मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा बघावा लागतो. तो मृत्यू आणि कायमच्या मोठ्या अपंगत्वासाठी असतो, साध्या फ्रॅक्चरसाठी नाही.

गाडीला विमाच नसेल तर जबाबदारी मालकाच्या अंगावर येते. अशी गाडी पुरेशी हमी घेतल्याशिवाय सोडायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. गाडी सोडवून नेण्याआधी न्यायालयात हरकत घ्या. इथे एक मोह पाडणारी माणसं भेटतात: "विमा नाही ना? दुसऱ्या गाडीचा नंबर टाकू." हे करू नका. विमा कंपन्यांचे तपासनीस याच शोधात असतात, आणि मग भरपाईऐवजी फसवणुकीचा गुन्हा मागे लागतो.

धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर 'हिट अँड रन' योजना आहे: मृत्यूसाठी दोन लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. अर्ज न्यायाधिकरणात नाही, तर महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार पातळीवर करायचा. पुढे गाडी सापडून पूर्ण भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते.

आणि एक आडवाट. चूक कोणाची हे सिद्ध करायच्या भानगडीत न पडता कलम १६४ खाली ठरीव रक्कम मागता येते: मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. हाड मोडलं की ती कायद्याने गंभीर दुखापत धरली जाते. साक्षीदार नसेल, चूक दोघांची असेल आणि हाड नीट जुळलं असेल, तर हा सौदा वाईट नाही. पण ती रक्कम स्वीकारली की मोठ्या दाव्याचा रस्ता बंद होतो. कायमचं अपंगत्व राहण्याची शक्यता असेल तर अडीच लाखांना हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा.

मुदत आणि ठिकाण

कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, म्हणून सहा महिने उलटून गेलेल्यांनीही वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नये. पण ज्यांच्या हातात अजून वेळ आहे त्यांनी त्या आव्हानाच्या भरवशावर राहू नये. उपचार संपायचे आहेत म्हणून अर्ज थांबवायचंही कारण नाही. आधी दाखल करा, बिलं आणि अपंगत्वाचा दाखला मागाहून जोडता येतो.

अपघात सोलापूरजवळ झाला आणि तुम्ही राहता नाशिकला, तर नाशिकला अर्ज चालतो. अपघाताचं ठिकाण, तुमचं राहण्याचं किंवा व्यवसायाचं ठिकाण, सामनेवाल्याचं ठिकाण, यांतलं कुठलंही निवडा. अपघात कामावर असताना झाला असेल तर कामगार भरपाईच्या कायद्याचाही रस्ता असतो, मात्र दोन्हींतला एकच धरता येतो. रक्कम काढून बघितल्याशिवाय निवडू नका.

रक्कम कशी ठरते

"हाताचे किती मिळतात, पायाचे किती मिळतात" असा दरपत्रक असल्यासारखा प्रश्न लोक विचारतात. तसं दरपत्रक नाही. झालेला औषधोपचार, पुढचा उपचार, रुग्णालयाच्या फेऱ्यांचा प्रवास, पोषक आहार, सोबतीला ठेवलेला माणूस, अंथरुणात बुडालेली कमाई, सोसलेल्या वेदना, आयुष्यात गमावलेल्या गोष्टी, हे सगळं वेगवेगळं धरतात. पण कायमचं अपंगत्व राहिलं तर सगळ्यात मोठा आकडा असतो तो भविष्यातल्या कमाईचा. तो काढण्याची पद्धत ठरलेली आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ३४ वर्षांचा टेलर, महिन्याला १५ हजार कमावणारा. उजवं मनगट मोडलं, हाड वाकडं जुळलं, कात्री धरून कापड कापता येत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यात २० टक्के अपंगत्व.

वर्षाची कमाई १,८०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे कमाई वाढली असती याचे ४० टक्के मिळवायचे. हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणात ठरवलं. झाले २,५२,०००. आता गुणक, म्हणजे वयावरून ठरणारा आकडा, ज्याने वर्षाच्या नुकसानाला गुणायचं. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला १६. (२५ पर्यंत १८, मग वयाबरोबर उतरत जाऊन ६५ च्या पुढे ५.) दाखल्यातले २० टक्के जसेच्या तसे धरले तर २,५२,००० चे २० टक्के ५०,४००, गुणिले १६ म्हणजे ८,०६,४००.

पण इथेच थांबणारा अर्जदार निम्मे पैसे सोडून जातो. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की शरीराचं अपंगत्व आणि कमाईच्या ताकदीचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात तुटला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास पूर्ण जाऊ शकते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. मग टेलरच्या उजव्या मनगटाचे २० टक्के हे धंद्याच्या दृष्टीने किती? न्यायाधिकरणाने ४० टक्के मान्य केले तर हाच आकडा १६,१२,८०० होतो. अपंगत्वाचा दाखला तोच, मनगट तेच.

उलट बाजूही बघा. ४० टक्के मान्य झाले, पण महिना १५ हजारांची कमाई दाखवता आली नाही आणि १० हजार धरले, तर हातात येतात १०,७५,२००. एका न ठेवलेल्या वहीची किंमत पाच लाखांच्या वर जाते. पगारदाराकडे पगारपत्रक आणि फॉर्म १६ असतो. रिक्षावाले, गवंडी, भाजीवाले, शिवणकाम करणारे यांनी शोधायचं ते: आयकर विवरणपत्र भरलं असेल तर ते, बँकेत किंवा यूपीआयवर जमा झालेल्या रकमा, दुकानाचा परवाना, ऑर्डरची वही, माल देणाऱ्याची बिलं, नियमित गिऱ्हाइकाची साक्ष. शेतकऱ्याने सातबाऱ्याबरोबर ऊस किंवा दूध घातल्याच्या पावत्या द्याव्यात, कारण नुसता सातबारा जमीन दाखवतो, राबणारा माणूस दाखवत नाही.

घर सांभाळणाऱ्या बाईचं उत्पन्न शून्य, असं लिहून देणारे नवरे अजूनही भेटतात. तिच्या कामालाही पैशांत मोल आहे आणि भविष्यातली वाढही धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं. अर्जात ती जे काम करत होती ते सविस्तर लिहा: स्वयंपाक, पाणी भरणं, सासऱ्यांची शुश्रूषा, मुलांचा अभ्यास.

मेडिक्लेममधून बिल भागलं असेल तर ती रक्कम भरपाईतून कापायची का, यावर बरीच वर्षं वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ती कापता येणार नाही असा निकाल दिला. मूळ बिलं मेडिक्लेमला देऊन टाकण्याआधी त्यांच्या साक्षांकित प्रती मात्र घेऊन ठेवा.

हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होता, या मुद्द्यांवर कंपनी कपात मागणारच. नियम मोडला एवढ्याने अपघाताचा दोष तुमच्याकडे येत नाही. त्या चुकीमुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे त्यांना दाखवावं लागतं.

दाखला पुरेसा नाही, डॉक्टर हवेत

अपंगत्वाचा दाखला नुसता फाइलला लावला की झालं, ही सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. कंपनीने तो मान्य केला नाही तर डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं. शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या मंडळाच्या सदस्याला. तुम्हाला एकदाही न पाहिलेल्या डॉक्टरचा फक्त दाव्यासाठी आणलेला दाखला उलटतपासणीत तग धरत नाही. दाखल्यात टक्के हाताचे आहेत की संपूर्ण शरीराचे, हे स्पष्ट असू द्या.

तुमची स्वतःची साक्ष शपथपत्रावर होते. त्यात "मला काम करता येत नाही" असं मोघम लिहू नका. कापडाचा तागा उचलता येत नाही, मशीनवर तासाभराच्या वर बसवत नाही, दोन कारागीर ठेवावे लागले, असं लिहा. आणि जे जमतं ते जमतं म्हणा. कंपनीच्या वकिलाकडे तुमचे फेसबुकवरचे फोटो असू शकतात.

वकील, एजंट आणि लोकअदालत

काही रुग्णालयांच्या आवारात एजंट फिरत असतात. "खर्च आमचा, आलेल्या रकमेत तीस टक्के" वगैरे. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. तेव्हा असा सौदा सुरुवातीलाच मांडणाऱ्याकडे फाइल देऊ नये, हे माझं मत. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही तर मुळीच नको. वकील निवडताना त्याने अपघाताचे दावे चालवलेत का ते विचारा आणि वकीलपत्रावर सही करताना फी लिहून घ्या.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, बहुधा जिल्हा न्यायालयाच्याच इमारतीत. महिला, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. हेल्पलाइन १५१००.

लोकअदालतीत तडजोड झाली की पैसे लवकर मिळतात, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून जाण्याआधी वरच्या टेलरसारखं स्वतःचं गणित कागदावर मांडून न्या. कंपनी पहिला आकडा कमीच सांगते. लवकर सुटण्यासाठी थोडी सूट देणं व्यवहाराचं आहे. किती, हे तुमचा पुरावा किती घट्ट आहे त्यावर ठरवा. उपचार चालू असताना, अपंगत्व ठरायच्या आधी तडजोड करू नका.

निवाडा झाल्यावर

रकमेवर सहसा अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळतं. समाधान झालं नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, मात्र वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील नाही. कंपनीनेही अपील केलं तर ते नुसतं दाखल झाल्याने निवाडा थांबत नाही. त्यासाठी वेगळी स्थगिती मिळवावी लागते. कोणी पैसे भरतच नसेल तर कलम १७४ खाली वसुलीचा दाखला मागा. जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात.

पैसे थेट तुमच्या बँक खात्यात यावेत म्हणून खाते क्रमांक आणि आयएफएससी अर्जाबरोबरच द्या, पासबुकच्या पहिल्या पानाच्या प्रतीसह. मोठ्या रकमेतला काही भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. ती ठेव न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय मोडता येत नाही. मुलीची फी, पुढचं ऑपरेशन, दुकानासाठी मशीन अशी गरज पडली तर खर्चाचं अंदाजपत्रक किंवा कोटेशन जोडून त्याच न्यायाधिकरणात साधा अर्ज करायचा.